तिच्या मुलाचं मत

२००८ साली टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मोठ्या मंडपात, ती मला रोज सकाळी दिसायची. साठीची अमेरिकन बाई. कॉफी निवेपर्यंत फोनवर हळू आवाजात बोलत बसायची. अमेरिकेत तिच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार एक पुरुष आणि एक बाई यांच्यातून ठरायचा होता आणि परदेशातल्या मतदारांनाही त्यात मत होतं.

"तो बोलतो छान, पण नवखा आहे," ती मला सांगायची. "ती मुरलेली आहे, पण युद्धाचं विचारलं की वकिलासारखी बोलते."

"मग मत कोणाला?"

"मुलगा सांगेल त्याला. सैन्यात आहे तो."

मतदानाच्या आदल्या दिवशी फोन टेबलावर पालथा ठेवून ती साखर आणायला उठली. फोनला मागचं झाकण नव्हतं. बॅटरीची जागा रिकामी होती.

परत आल्यावर तिनं माझी नजर ओळखली. "त्याच्या सामानाबरोबर असाच आला," ती शांतपणे म्हणाली. "या वेळीही त्याला विचारल्याशिवाय मी मत देणार नाही. पण आज तो बोलतच नाहीये. तुम्ही विचारता?"

मला नाही म्हणवेना. मी फोन कानाला लावला, प्रश्न विचारला आणि थोडा वेळ तसाच थांबलो.

"काय म्हणाला?"

"आई, तुझ्या मनाला पटेल त्याला दे, म्हणतोय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मागच्या निवडणुकीतही तो अगदी हेच म्हणाला होता," ती पुटपुटली.

ते वाक्य मीच रचलं होतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे.