ॲलर्जीसमोर लिहिलेलं ‘नाही’

“अहो, हा तर आमच्या ब्रेकरमधला गॅस!” बाबा शेजारच्या अनोळखी काकांना सांगत होते. “बोईसरच्या विजेच्या सबस्टेशनात तीस वर्षं काढली. ब्रेकर उघडायचा तर मास्क लावायचो आम्ही. आणि हे तो गॅस हिच्या नसेत सोडणार!”

“मग वहिनींना हात लावताना जपून. शॉक बसायचा,” काका म्हणाले. आईसुद्धा हसली.

आम्ही पालघरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये बसलो होतो. आईच्या लिव्हरवर डाग दिसला होता. किडनी कमजोर असल्यामुळे सीटी स्कॅनचं औषध तिला चालणार नव्हतं. म्हणून सोनोग्राफी करतानाच शिरेतून दुसरं औषध देणार होते. त्यात गॅसचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात. ते रक्तातून फिरतात आणि गॅस श्वासावाटे निघून जातो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. बाबांनी गॅसचं नाव तेवढं पकडलं.

फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून माझ्याकडे आला. आमच्या घरात इंग्रजी वाचायचं ते मी आणि बोलायचं ते बाबांनी.

“ॲलर्जी?” मी हळूच विचारलं.

“नाय लिही,” आई म्हणाली. ती चिंचणीची, घाबरली की माहेरचं बोलते. “नायतर मुंबईला धाडतील.”

मी ‘नाही’वर खूण केली, फॉर्म काउंटरवर दिला आणि सोबतचं माहितीपत्रक वाचत बसले. बुडबुड्यांच्या औषधात काय काय असतं, त्याची यादी होती. पॉलिइथिलीन ग्लायकॉल. हे नाव मी आमच्या ओट्याशी उभी राहून वाचलं होतं. आतड्याच्या तपासणीआधी आईला पोट साफ करायची पावडर प्यायची होती. पाकिटावरचं वाचून ती मीच पाण्यात ढवळली होती. ती प्यायल्यावर थोड्याच वेळात तिच्या मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजला. पण त्या दुपारी, नुसत्या पेजेवर राहायचं असताना, तिने चोरून कोलंबी खाल्ली होती. “कोलंबीनेच झालं. बाबांना नाय सांगायचं,” ती म्हणाली होती. मी नाही सांगितलं. त्यानंतरही ती कोलंबी खातच आली, तिला कधी काही झालं नाही. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

“चला काकू,” नर्सने हाक मारली.

मी मागोमाग दारापर्यंत गेले. आईच्या हाताला सुई लावून झाली होती. बाबा गॅसचंच विचारत होते. डॉक्टर शांतपणे सांगत होते, ब्रेकरमध्ये ठिणग्यांनी गॅस बिघडतो. हा शुद्ध असतो, आणि अगदी थोडा. बोलता बोलता त्यांनी औषधाची बाटली हलवायला घेतली. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी आत पाऊल टाकलं.

“डॉक्टर, थांबा. फॉर्मवर मी चुकीचं लिहिलंय. पोट साफ करायच्या पावडरीने आईचा ओठ सुजला होता. त्या पावडरीत होतं ते तुमच्या औषधातही आहे.”