चौऱ्याऐंशी वजा बावीस

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. आंजी गावात आमच्या घरी मी अक्षरं शिकले ती बाबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांवरून — 'आधी पुरावा मागा.' आठवडी बाजारात ती वाटायला मीच जायची. त्यामुळे हे सांगताना लाज वाटते... पण लपवणं हा तर सरळ खोटेपणा.

गेल्या उन्हाळ्यात हायवेवरच्या जाम चौकाजवळ बाबांची गाडी घसरली. डोक्याला मार. वर्ध्याला आयसीयूत ठेवलं — व्हेंटिलेटर, झोपेचं औषध, कवटीतला दाब मोजायला आत एक बारीक नळी. डॉक्टर मॅडमनी समजावलं, "रक्तदाबाची सरासरी रक्ताला मेंदूकडे ढकलते, कवटीतला दाब त्याला अडवतो. पहिल्यातून दुसरा वजा करा. उरतो त्या जोरावर मेंदूला रक्त मिळतं. तो साठच्या खाली जायला नको."

मॉनिटरवर ते दोन आकडे दिसायचे. वजाबाकी मी करायची, पिशवीतल्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर.

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या भेटीत — ८४ आणि २२. मी लिहिलं, ५२.

बाबांचा मेंदू माझ्यासमोर उपाशी मरतोय आणि तोंडून हाक निघत नाही... मी कॉटच्या कठड्याखाली, कुणाला दिसणार नाही असे, हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "वेळ संपली, ताई."

"बाबा... बरे आहेत ना?"

त्यांनी मॉनिटर पाहिला. "बासष्ट आहे. ठीक आहे."

बाहेर येऊन कागद पाहिला. साधी वजाबाकी चुकली होती. कागद पिशवीच्या तळाशी कोंबला. आईलाही सांगितलं नाही.

बाबा वाचले. घरी आल्यावर एका सकाळी, चहा पिता पिता म्हणाले, "बावन पाहून काऊन घाबरली होती तू?"

"कोणतं बावन?"

"चौऱ्याऐंशीतून बावीस. उसना घ्याचं कामच नोतं, तरी घेतला. अन् वरून हात जोडले. माही पोरगी."

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

ते हसत होते, ते थांबले. "तेच तं... डोये तं मिटले होते माहे."

बासष्ट त्यांनी सिस्टरकडून ऐकलं असेल, हे मी मानते. पण बावन्न कुणी उच्चारलंच नव्हतं. ते फक्त माझ्या कागदावर होतं.

मी कागद आणला. भर बाजारात बुवांना निरुत्तर करणाऱ्या माणसानं तो उलटसुलट करून पाहिला. मग सवयीनं पेन घेतला, ५२ खोडलं, ६२ लिहिलं.

"कारण असनच काहीतरी," म्हणाले. "मले इचारू नको."

कारण असणारच. मीही तेच म्हणते. फक्त, ते म्हणताना आता आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.