मुठीची आतली बाजू

इतवारी बाजारात माझ्या भांड्यांच्या दुकानाशेजारी तो बसतो. जुन्या रिव्हॉल्वरची लाकडी मूठ पाहून तिचं वय सांगतो. त्यासाठी लांबून शौकीन येतात. मूठ हातात आली की तो आधी उलटी करतो. "बाहेरून कोणीबी काळी करते, आतून पाहा लागते." मग स्क्रूचं भोक हुंगतो, नखानं नक्षी खरवडतो आणि बहुतेकांना एकच निकाल देतो, "नवी हाय गा. कोणं फसवलं तुले?" माणूस ओशाळतो आणि मूठ तिथंच टाकून जातो.

मीही ओशाळलो होतो. वडील गेल्यावर रिव्हॉल्वर पोलिसांत जमा केली. तिची मूळ मूठ मात्र वडिलांनी फार पूर्वीच काढून कपाटात जपली होती. शंभर वर्षांची, आजोबांची, असं ते सगळ्यांना मिरवून सांगत.

त्यानं ती हुंगली. "दहा-पंधरा वर्साची असन. काहून जपून राहिले तुम्ही?"

"फेकून द्या," मी म्हटलं. पुढं वर्षभर मनात वडिलांना थापाड्या म्हणत राहिलो.

परवा त्याच्यासमोर एक पुण्याचं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याच्या काचेच्या पेटीवर मूठ होती, खालचा कोपरा उडालेली. त्याच कोपऱ्यानं वडील अक्रोड फोडायचे.

"शंभर वर्साची हाय साहेब, आतला नंबर पाहा." मला पाहूनही तो अडखळला नाही. "विचारा ह्यायले. बाजूचेच हायेत."

गिऱ्हाइकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. वडील खरं बोलत होते हे मी पहिल्यांदा कबूल केलं, तेही त्याचा माल खपावा म्हणून.