भाऊजींची झडप रुळली

"दुपारी घटकाभर आडवं व्हावं म्हटलं, तर कानाशी आपली टिकटिक, टिकटिक! माझं लग्न नवऱ्याशी लावलं की भिंतीवरच्या घड्याळाशी?"

"घड्याळ असतो तर बरं झालं असतं. किल्ली तरी तुझ्याच हातात दिली असती."

"बाहेरच्या खोलीत निजा. छातीसकट!"

मधली भिंत पातळ आणि माझे कान त्याहून तिखट. भांडत होते माझे धाकटे दीर आणि जाऊ. भाऊजी शिलाई मशीन दुरुस्त करायचे. हृदयाची एक झडप निकामी झाली, म्हणून डॉक्टरांनी त्यांची छाती उघडून धातूची नवी बसवली होती. तीच वाजायची.

घरी आले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, माझं काळीज बंद ठेवलं होतं आणि रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरत होतं. म्हणजे मी होतो कुठे?" मी कानांवर हात ठेवले आणि भाऊजी हसतायत! अशा झडपा आधी यंत्रात घालून कोट्यवधी वेळा उघडझाप करून पाहतात, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं. त्याचं त्यांना भारी कौतुक. "आमच्या धंद्यात अशी तपासणी कोण करतो?"

रक्त पातळ राहायची गोळी मात्र जन्मभराची होती. पुढे दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. भाऊजींनी आपल्या अकलेने गोळी अर्धी केली. "तेल जास्त झालं की कापडाला डाग पडतात, वहिनी. बेताने घालायचं."

मग टिकटिक कमी झाली. बारीक, दबकी, जणू उशीखाली कोणी घड्याळ ठेवलंय. जाऊ हरखली. भाऊजीही खूश. "नवं मशीन आधी खडखडतंच. भाग एकमेकांत बसले की गप्प होतं. रुळली आता झडप!" जावेने त्यांचं अंथरूण परत आत घेतलं.

थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, ते जिन्याच्या तळाशी टेकले ते उठलेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती, म्हणून ती नीट मिटत नव्हती. "आवाज बदलला तर धावत या, असं सांगितलं होतं ना?"

जाऊ म्हणाली, "बदलला म्हणजे वाढला तर, असं वाटलं हो आम्हाला. तो तर कमी झाला होता..."

ज्याचा आम्हाला एवढा आनंद झाला, तेच त्यांचं मरण होतं. इतकी वर्षं झाली, अजून डोक्यात शिरत नाही.

त्या सकाळी भाऊजी मशीन उचलून निघाले तेव्हाच त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, "भाऊजी, आधी दवाखान्यात जा."

"जातो हो. पलीकडच्या शिवणवालीचं काम अडलंय, तेवढं पोचवून येतो."

पुढचं शिवणवालीने सांगितलं. त्यांनी मशीन टेबलावर बसवलं, पट्टा चढवला, सुईत दोरा ओवला. चिंधीवर एक सरळ टीप मारली, उजेडात धरून पाहिली, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली. टीप सुटली नाही. दोरा दातांनी तोडला आणि चिंधी तिच्या हातात दिली.

"चालव आता बिनधास्त, पोरी," म्हणाले आणि दार ओढून घेऊन जिन्याकडे निघाले.