नीलिमाच्या हातचं

सोनियाला येशूचं नाव पहिल्यांदा सांगितलं ते नीलिमानं, आणि पुढं तिचा सगळ्यात जास्त हेवाही नीलिमानंच केला.

दोघी तासगावजवळच्या एका शेडवर शेजारीशेजारी बसून बेदाणा निवडायच्या. नीलिमाच्या आज्यानं गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहत असतानाच बाप्तिस्मा घेतला होता. घर ख्रिस्ती झालं, पण गावाची त्या घराकडं बघायची नजर काही बदलली नाही. सोनिया म्हसवडकडची, धनगराची लेक. नवरा ट्रकवर. तिची पोर सृष्टी तापानं फणफणून सांगलीच्या दवाखान्यात पडली, तेव्हा नीलिमा रोजगार बुडवून तिच्यापाशी बसली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तिनं प्रार्थना केली. पोर बरी झाली आणि पुढच्या रविवारी सोनिया आपणहून मंडळीच्या उपासनेला आली. त्या दिवशी नीलिमाला बहीण मिळाल्यासारखं झालं.

पण पास्टर जयराज तिच्यापेक्षा जास्त हरखले. जयराज नीलिमाच्याच वस्तीतले, लांबच्या नात्यानं तिचे दीर. "गावातल्या घरचं माणूस आपल्यात आलंय," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. सोनियाला पुढची खुर्ची मिळाली. विश्वासाची साक्ष द्यायला आधी तिचं नाव. वर्षभरात ती महिला मंडळाची प्रमुख झाली. नीलिमा लग्न होऊन आल्यापासून मंडळीची पत्र्याची खोली झाडत होती, पोरांना गाणी शिकवत होती. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मिरजेचे पाहुणे पास्टर आले की जेवण सोनियाकडं. नीलिमाच्या घरी प्रार्थना व्हायची, पण चहाची कपबशी पुढं केली की, "आत्ताच झालाय" म्हणत माणसं चपला शोधायची.

नीलिमा आतल्या आत जळायला लागली. सोनिया अडखळत वचन वाचायची आणि लोक मोठ्यानं "आमेन" म्हणायचे, की ही आपलं बायबल मिटून ठेवायची. गाण्यात सोनियाचा सूर घसरला की हिला गार वाटायचं; मग ती मुद्दाम आवाज चढवायची. शेडवर तर एकदा तिनं काड्यांचा बेदाणा गुपचूप सोनियाच्या ढिगात सारला. मुकादम सोनियावर ओरडला. नीलिमा खाली मान घालून निवडत राहिली, आणि तिला बरं वाटलं.

मग नाताळचं प्रीतिभोजन आलं. जयराज सगळ्यांना म्हणाले, "यंदा गावातली बरीच घरं जेवाय येणार हायती. सैपाक सोनियाच्या दारात करू."

"मग मी लवकर येते की भाकरीला," नीलिमा म्हणाली.

जयराज घुटमळले. "वैनी, तुमी भांड्यांचं बघा. राग मानू नका. आपल्या हातचं ती माणसं खायची न्हाईत."

"आन तुमच्या हातचा बाप्तिस्मा चालंल व्हय त्यास्नी?"

"आधी आत तर येऊ द्यात. मग हळूहळू बदलतील."

सोनिया तिथंच उभी होती. पदर नीट करत राहिली, पण तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. जयराजच्या बोलण्यापेक्षा नीलिमाला ते गप्प राहणं जास्त लागलं.

नाताळला नीलिमा सोनियाच्या परसात पातेली घासत बसली. तिकडं चुलीपाशी सोनिया भाकरी थापत होती आणि बायका तिचं कौतुक करत होत्या. पानं वाढून झाली. जयराजनी डोळे मिटून प्रार्थना केली, "प्रभू, तुझ्यापाशी उच्च नाही, नीच नाही, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो."

नीलिमा ओल्या हातानं उठली आणि थेट मांडवात गेली.

"पास्टरसाहेब, मला साक्ष द्यायचीया."

कुणी अडवायच्या आत ती बोलायला लागली. "मला सोनियाचा हेवा वाटतो. लय वाटतो. तिच्या ढिगात मी काड्या सारल्यात. ह्ये माझं पाप हाय, मी कबूल करते. पण माझ्या हातची भाकरी इटाळाची, ह्ये पाप कुणाचं? त्येची कबुली कोण देणार?"

काही पाहुणे पानावरून उठून निघून गेले. जयराज लालबुंद झाले. "वैनी, सगळ्या सेवेवर पाणी पाडलंसा तुमी," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर शेडवर दोघी लांबलांब बसायला लागल्या. मग एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सगळी वस्ती बघत असताना सोनिया सृष्टीला घेऊन नीलिमाच्या दारात आली.

"मावशी, भूक लागलीया," सोनिया म्हणाली.

नीलिमानं दोघींना पिठलं-भाकरी वाढली. खाता खाता सोनिया म्हणाली, "त्या दिशी मी बोलाय पायजे हुतं. पर मला पुढच्या खुर्चीची चटक लागली हुती. लहानपणी आई मला आमच्या गावच्या अशाच वस्तीत पाणी पिऊ देत नव्हती. वाटलं, बाप्तिस्मा घेतला की त्ये आपोआप जातंय. न्हाई जात, मावशी."

"मी काड्या सारल्या म्हणून तू मुकादमाच्या शिव्या खाल्ल्यास," नीलिमा म्हणाली. "घे अजून अर्धी."

रविवारी जयराज व्यासपीठावरून म्हणाले, "बघा, सोनियाताईंचं मन किती मोठं! नीलिमावैनींच्या घरी जेवल्या." नीलिमाच्या अंगाची पुन्हा लाही झाली. जेवण तिनं केलं, आणि मोठेपणा सोनियाचा! ती उठणार, तेवढ्यात सोनियाच उभी राहिली.

"मावशी माझ्या घरी कितींदा जेवल्या. तवा त्यांचं मन मोठं हाय असं कुणीच म्हटलं न्हाई. मग आजच कसलं कौतुक?"

नीलिमाच्या मनातलंच वाक्य होतं ते. तेही सोनियानंच आधी बोलावं, याचासुद्धा तिला क्षणभर हेवा वाटला.

ईस्टरचं जेवण नीलिमाच्या दारात झालं. सोनियानं ते मंडळात भांडून ठरवून घेतलं होतं. गावातली घरं थोडीच आली, पण आली ती जेवली. जयराज पहिल्या पंगतीला बसले. आमटी दोनदा वाढून घेतली, पण मान वर केली नाही.

सोनिया अजून मंडळाची प्रमुख आहे आणि नीलिमा अजून तिच्यावर अधूनमधून जळते. आता फक्त तोंडावर सांगते.

"आज तुझी साडी बघून लय जळले बघ."

"मग न्या की नेसायला," सोनिया म्हणते.

"नेणारच हाय," नीलिमा म्हणते.