बर्फाचे बूट

ऑकलंडच्या ओलसर घरात अख्खा हिवाळा कुडकुडायचं आणि मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की त्याहून गार जागी मजा करायला जायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. पण त्या वर्षी नवरा म्हणाला, "रुआपेहूच्या डोंगरावर जाऊ, बर्फात. लेकीला तिथेच सांगू."

सांगायचं ते एवढंच, की बाबाच्या उजव्या पावलातला जोर गेलाय तो पाय मुरगळल्यामुळे नाही. स्नायू हलवणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. मी हॉस्पिटलात नर्स आहे. असे पेशंट मी उचललेत, पुसलेत, भरवलेत. तरी डॉक्टर मला सावकाश समजावून सांगत बसले, तेव्हा त्यांचा इतका राग आला की बोलायची सोय नाही.

बारा वर्षांच्या लेकीला मात्र मुरगळलेला पायच माहीत होता. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. पाऊल उचललं जावं म्हणून मिळालेला प्लास्टिकचा पट्टा नवऱ्याने कपाटात कोंबला होता. का, तर तिला दिसेल. त्यापायी गॅरेजच्या पायरीवर आपटला, पुन्हा आपटला. हट्टीपणात आमच्या घरात कुणी कुणाला हार जाणारं नाही.

टाउपोला तळ्याकाठी थांबून धपाटे खाल्ले. इथे सांगू म्हणाला, पण वारा फार होता. मग म्हणाला, वर गेल्यावर सांगू.

वर भाड्याच्या सामानाच्या काउंटरवर लेकीबरोबर त्यानेही बूट मागितले.

"अरे, पडशील," मी म्हटलं.

"आलोय तर बूट तरी घालतो. स्की नाही लावत. नुसता उभा राहीन."

स्कीचे बूट म्हणजे नडगीपर्यंत कडक प्लास्टिक. घोटा जरासुद्धा हलत नाही. ते घालून धडधाकट माणसंही धप्प धप्प, अवघडून चालत होती आणि त्या सगळ्यांत माझा नवरा व्यवस्थित चालत होता. पाऊल लोंबत नव्हतं, टोक घासत नव्हतं. कपाटातल्या पट्ट्याने जे झालं असतं तेच. लेक शिकणाऱ्या मुलांच्या घोळक्यात पडत-उठत होती आणि हा तिच्यापर्यंत जाऊन परत येत होता, पुन्हा जात होता. मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचीच चीड आली. दोघांचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सोलापूरहून नणंदेने लगेच लिहिलं, "मज्जा आहे बुवा तुमची!" मी फोन पर्समध्ये ढकलला.

संध्याकाळी उतारावर माणसं वर नेणाऱ्या लिफ्ट बंद व्हायला लागल्या, तसे बूट परत करायला बाकावर बसलो. त्याने डावा बूट काढला. उजव्याच्या बकलांशी त्याची बोटं नुसती खुडबुडत राहिली. लेक ते बघत होती.

"आई, कॅन वी बाय दीज फॉर बाबा?" ती म्हणाली. "ही डिडन्ट ट्रिप टुडे. नॉट वन्स."

म्हणजे ती लक्ष ठेवून होती. किती महिने, कुणास ठाऊक.

मग नवऱ्याने तिथेच सांगितलं, ओल्या मोज्यांच्या वासात, आजूबाजूला लोक आपापली पोरं गोळा करत असताना. हे बरं होणार नाही, असं तो आधी मराठीत म्हणाला. तिला नीट कळावं म्हणून पुन्हा इंग्रजीत म्हणाला. जे एकदा सांगायचाही धीर होत नव्हता ते दोनदा सांगावं लागलं.

ती रडली नाही. त्याच्या बोटांकडे बघून तिने विचारलं, "हॅन्ड्स टू?"

"हो."

"ऑल गुड? वी आर क्लोजिंग," काउंटरवरची बाई म्हणाली. नवरा पुन्हा उजव्या बुटाकडे वाकला. लेकीने दोन्ही हातांनी बकलं घट्ट दाबून धरली.

"देन डोन्ट टेक दॅट वन ऑफ."

तिची बोटं मी सोडवली, एकेक करून. मग बकलं काढली.