नामदेवभाऊंनी न धरलेलं दावं

नामदेवभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलानं, प्रभाकरनं, दारात उभं राहूनच सांगितलं. आत ये म्हटलं तर आला नाही. "काकू, तुम्ही सांगितलं नसतं तर निदान भीत भीत तरी गेले नसते," एवढं बोलून वळला. महिना उलटून गेला, पण ते वाक्य अजून कानातून जात नाही.

खापरखेड्याच्या कॉलनीत भाऊ आमचे शेजारी. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. मलमपट्टी, इंजेक्शन, ऑपरेशनला डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहणं, सगळं करायचे. फक्त एक गोष्ट करायचे नाहीत. ऑपरेशनआधी जनावर ज्या लाकडी खोड्यात अडकवतात, तिथं ते स्वतः जनावर नेत नसत. काय कापणार, काय बिघडू शकतं, ते मालकाला सांगायचे आणि बाजूला व्हायचे. मालकानं दावं धरून आत नेलं तर हो, घरी नेलं तर नाही. डॉक्टरही तोवर थांबायचे. आमच्या चंद्रीच्या शिंगात कॅन्सर निघाला तेव्हा आमचे हे ड्यूटीवर, गायीजवळ मी एकटी. "शिंग मुळापासून काढा लागन. रक्त लय जाते, गाय दगावूबी शकते. नाही काढलं त सडत जाईन," भाऊ म्हणाले. मी रडकुंडीला आले, "भाऊ, तुम्हीच ठरवा ना काय ते." तर म्हणतात कसे, "गाय कोणाची हाय वं?" आणि हात मागे बांधून उभे. असा संताप आला मला त्या माणसाचा. शेवटी दावं धरून नेलं मीच. चंद्री पुढे कितीतरी वर्षं एका शिंगानं जगली.

आणि म्हातारपणी तेच भाऊ धंतोलीच्या हॉस्पिटलात पडले होते. साखरेनं पाय काळा पडलेला. प्रभाकरनं मला जिन्यातच गाठलं. "पाय कापणार आहेत, काकू. हृदय कमजोर, झेपेल का सांगता येत नाही म्हणतात. बाबांना नुसती पट्टी बदलणार म्हणून सांगितलंय. घाबरतील, तुम्ही बोलू नका." वाईट नव्हता तो... तोही भ्यायलाच होता. मी खाटेजवळ बसले तर भाऊंनी माझं मनगट धरलं. "सुमन, हे लोक काय करून राहिले? मले कोनी सांगत नाही. तू तरी सांग वं." पाय त्यांचा होता. सांगितलं. गुडघ्यावरून कापणार, हृदय कमजोर आहे, कदाचित झेपणार नाही, आणि नाही कापला तर विष वर चढेल. "मले भेव वाटून राह्यलं," भाऊ म्हणाले. मग डॉक्टरांना बोलावून सगळं पुन्हा विचारलं आणि हो म्हणाले. वॉर्डबॉय उचलायला आले तर त्यांना थांबवून, कोपरावर रेटा देत, स्वतःच स्ट्रेचरवर सरकले... त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

प्रभाकर अजून बोलत नाही. त्याचं बरोबर असेल का, हा विचार मला सोडत नाही. पडवीत चंद्रीचं दावं अजून खुंटीला आहे, जाता-येता त्याला हात लागतो. घरात मी सांगून ठेवलंय, माझी वेळ आली तर दाराआड कुजबुजू नका. मी भिईन, रडेन, तुम्हाला नकोसं करून सोडीन. पण दावं माझ्याच हातात द्या.